अंगण वाकडं, पाहुणे जबाबदार

शनिवारची संध्याकाळ. कोल्हापूरचा भाचा अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगला म्हणून पुण्यात आमच्याकडे आला आणि नोकरी लागली तरी आमच्याकडेच राहिला. त्यामुळे शनिवारी टीव्ही त्याचा. लंडनचा फुटबॉल क्लब आर्सेनल एका गोलनं मागे. भाच्याच्या अंगात लाल जर्सी, हातात चिवड्याची वाटी, चेहरा सुतकातला. मध्यंतराची शिट्टी झाली तसा तो माझ्याकडे वळला.

"मामा, आपल्यात इंग्लिश पोरंच कमी झाल्यात. सगळी बाहेरची भरल्यात. मग दुसरं काय हुणार?"

'आपल्यात' हा शब्द मी चिवड्याबरोबर गिळला. या मुलानं लंडन पाहिलेलं नाही. त्याच्या पासपोर्टावर अजून एकही शिक्का नाही. जर्सी फुटपाथवरून साडेतीनशेला घेतलेली. तिच्या छातीवर दुबईच्या विमान कंपनीचं नाव, वर जर्मन कंपनीची खूण. क्लबचा मालक अमेरिकी, प्रशिक्षक स्पेनचा. १८८६ मध्ये वूलिचच्या तोफखान्यातल्या कामगारांनी हा क्लब काढला, तेव्हा पुढाकार घेणारा डेव्हिड डॅन्स्किन स्कॉटलंडचा. एवढ्या पसाऱ्यात भाच्याला परके दिसले ते फक्त धावणारे. बसून पैसे मोजणारे टीव्हीवर दिसत नाहीत ना!

पण भाच्याला कशाला बोल लावा? हे रडगाणं मूळ इंग्लंडचं. तिथला संघ हरला की ते लागतं.

२१ नोव्हेंबर २००७. वेम्ब्लीवर पाऊस. युरो २००८ ला जायला इंग्लंडला क्रोएशियाशी नुसती बरोबरी पुरेशी होती. पंधरा मिनिटं व्हायच्या आत क्रोएशियाचे दोन गोल. त्यातला पहिला क्रान्यचारनं लांबून मारलेला; चेंडू गोलरक्षक स्कॉट कार्सनच्या हाताला लागून आत गेला. इंग्लंडनं दोन्ही फेडले, आणि ७७ व्या मिनिटाला तिसरा खाल्ला. मैदानाच्या कडेला इंग्लंडचे प्रशिक्षक स्टीव्ह मॅक्लॅरन लाल-निळी, भलीमोठी छत्री धरून उभे. पोरं भिजतायत, साहेब कोरडे. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची नोकरी गेली. छत्री मात्र इतिहासात राहिली.

आता हिशोब करा. चेंडू सुटला तो इंग्रज हातातून. छत्री धरली ती इंग्रज हातानं. आणि दोष कुणाचा? प्रीमियर लीगमधल्या परदेशी खेळाडूंचा! म्हणे त्यांच्या गर्दीत आमच्या पोरांना जागाच मिळत नाही. फिफाचे सेप ब्लाटरही मदतीला धावले: मैदानात उतरणाऱ्या अकरांत सहा जण देशी हवेत, परदेशी पाचच. २००८ मध्ये फिफानं ठराव केला. पण युरोपात माणसाला कुठंही नोकरी करायचा हक्क आहे आणि फुटबॉलपटूही माणसात मोडतात, असा कायद्याचा पेच निघाला. दोन वर्षांत ठराव गुपचूप गुंडाळला गेला.

नाचता येईना, अंगण वाकडं, ही आपली म्हण. इंग्रजांनी तिला शेपूट जोडलं: अंगण पाहुण्यांनी वाकडं केलं.

बरं, पाहुणे नव्हते तेव्हा अंगण सरळ होतं का? तोही प्रयोग करून झालाय, आणि चांगला सत्तेचाळीस वर्षं चालला. १९३० मध्ये आर्सेनलनं ऑस्ट्रियाचा गोलरक्षक रूडी हिडन आणायचा घाट घातला. सरकारनं त्याला दारातच अडवलं. १९३१ मध्ये फुटबॉल असोसिएशननं नियमच केला: परदेशी व्यावसायिकाला आधी दोन वर्षं इंग्लंडात राहावं लागेल, मग खेळता येईल. दोन वर्षं बिनपगारी कोण राहणार? दार बंद. एक फट होती, ती अशी की माणूस युद्धकैदी म्हणून आला असेल तर राहण्याची अट आपोआप पुरी होते! जर्मन छत्रीसैनिक बर्ट ट्राउटमन याच फटीतून मँचेस्टर सिटीत शिरला. १९४९ साली त्याच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. १९५६ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात तो मोडलेल्या मानेनं शेवटची पंधरा-सतरा मिनिटं गोल राखत राहिला आणि सिटीनं कप जिंकला. तेव्हापासून जर्मन असूनही तो सिटीचा देव.

या बंद दारामागे इंग्लंडचा संघ काय करत होता? १९५० च्या विश्वचषकात अमेरिकेकडून एक-शून्यनं हरला, आणि तो गोल करणारा जो गेटजेन्स होता हैतीचा. १९५३ मध्ये हंगेरीनं वेम्ब्लीवर येऊन सहा गोल घातले. १९७३ मध्ये त्याच वेम्ब्लीवर पोलंडशी एक-एक बरोबरी झाली आणि विश्वचषकाचं तिकीट गेलं. सामन्याआधी ब्रायन क्लफ यांनी टीव्हीवर पोलंडच्या गोलरक्षकाला विदूषक ठरवलं होतं; रात्रभर हसला तो विदूषकच. १९७४ आणि १९७८ असे ओळीनं दोन विश्वचषक इंग्लंडनं घरी बसून पाहिले. लीगमध्ये तेव्हा परदेशी औषधापुरतेच. मध्ये १९६६ च्या विश्वविजयाचा एक सोन्याचा दिवस, त्याच्यावरच अजून घर चालतं. उलट पाहुण्यांनी घर भरल्यावर? २०१८ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी, मग लागोपाठ दोन युरो स्पर्धांत अंतिम सामना. अंगणानं आपली बाजू मांडली आहे.

मुळात 'परका' कोण, हे तरी एकदा ठरवा. १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता देताना असोसिएशननं अट घातली: एफए कपात खेळायचं तर जन्म क्लबच्या मैदानापासून सहा मैलांच्या आत झालेला हवा, नाहीतर तिथं दोन वर्षं मुक्काम झालेला हवा. सहा मैल! म्हणजे दहा किलोमीटरसुद्धा नाहीत. सदाशिव पेठेला हा नियम फार सैल वाटेल, कारण आमच्याकडे लकडी पुलापलीकडे परदेश लागतो. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आमच्यात पेठ बदलली की माणूस बाहेरचा." कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या नावानं खेळला जातो, त्यामुळे त्याला इतिहास समजावून सांगावा लागला नाही.

पुढे मैल गेले, कागद आले. २ नोव्हेंबर १९९४, बार्सिलोना. युरोपच्या स्पर्धेत तेव्हा तीन परदेशी आणि वर दोन 'रुळलेले' परदेशी चालत. यात मँचेस्टर युनायटेडसाठी परदेशी कोण? डेन्मार्कचा श्मायकेल, हे ठीक. पण वेल्सचा रायन गिग्जही त्याच हिशोबात! गिग्ज मँचेस्टरच्याच भागात वाढलेला, इंग्लंडच्या शालेय संघाचा कप्तान राहिलेला. राणी तीच, पण असोसिएशन वेगळी, म्हणून परका, फार तर रुळलेला परका. आकडा जुळवण्यासाठी श्मायकेलसारखा गोलरक्षक बाहेर बसवला. चार गोल खाऊन मंडळी घरी आली. नियम मात्र तंतोतंत पाळला गेला.

पुढल्याच वर्षी, डिसेंबर १९९५ मध्ये, बेल्जियमच्या बोसमन या खेळाडूनं युरोपच्या न्यायालयात खटला जिंकला आणि युरोपीय खेळाडूंवरची ही बंधनं मोडली. २६ डिसेंबर १९९९ ला चेल्सीनं साउदम्प्टनमध्ये अकराच्या अकरा परदेशी उतरवले. इंग्लिश लीगमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. मोठा गहजब झाला. चेल्सी दोन-एकनं जिंकली, दोन्ही गोल नॉर्वेच्या फ्लोचे. संघ निवडणारे व्हियाली इटलीचे. चेल्सीच्या पाठीराख्यांनी गुण परत केल्याचं ऐकिवात नाही.

मग २०१० मध्ये 'घरात घडलेला' खेळाडू हा नवा प्रकार आला. पंचवीस जणांत किमान आठ असे हवेत, नाहीतर जागा रिकामी सोडा. घरात घडलेला म्हणजे? इंग्रज? छे! एकविसाव्या वर्षाआधी तीन वर्षं इंग्लंड किंवा वेल्समधल्या क्लबकडे नोंदलेला. सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आर्सेनलमध्ये आलेल्या सेस्क फाब्रेगासनं जुलै २०१० मध्ये इनिएस्ताला पास देऊन स्पेनला विश्वविजेता केलं, आणि ऑगस्टमध्ये तो इंग्लंडच्या घरात घडलेला ठरला. दुसरीकडे एरिक डायर. पोर्तुगालमध्ये वाढलेला इंग्रज. २०१८ मध्ये कोलंबियाविरुद्ध त्याच्या पेनल्टीनं इंग्लंडनं विश्वचषकातला पहिला शूटआउट जिंकला. पण क्लबच्या यादीत तो घरात घडलेला नव्हता! स्पॅनिश माणूस घरचा, इंग्रज बाहेरचा. बहुधा या नियमाच्या मसुद्यावरही कुणीतरी छत्री धरली असावी.

माणसं यादीपेक्षा बरी. २ एप्रिल १९८२, शुक्रवार. अर्जेंटिनाचं सैन्य फॉकलंड बेटांवर उतरलं. ३ एप्रिल, शनिवार. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर एफए कपचा उपांत्य सामना, टॉटनहॅम विरुद्ध लेस्टर. टॉटनहॅमच्या संघात ऑसी आर्डिलेस. १९७८ मध्ये दार उघडलं तेव्हा जग जिंकून आलेला अर्जेंटिनाचा हा चणीनं लहान माणूस. चेंडू त्याच्या पायाशी आला की लेस्टरचे लोक हुर्यो उडवत. टॉटनहॅमचे इंग्रज मात्र त्याच्यासाठी गळा फाडत होते. बेटं तुम्ही ठेवा, ऑसी आम्हाला राहू द्या, अशा अर्थाचा फलकही त्या दिवसांत झळकला. टॉटनहॅम दोन-शून्यनं जिंकलं.

गोष्ट इथं थांबली असती तर गोड झाली असती. आर्डिलेस विश्वचषकाच्या तयारीला मायदेशी गेला. त्याचा चुलत भाऊ वैमानिक होता. तो युद्धात मारला गेला. आर्डिलेसचा दोस्त रिकी व्हिया, ज्यानं आदल्या वर्षी एफए कप जिंकून देणारा गोल केला होता, तो त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात उतरलाच नाही. पुढचे काही महिने आर्डिलेस पॅरिसच्या क्लबकडे उसना गेला. मग परत आला, आणि पुढे टॉटनहॅमचा प्रशिक्षकही झाला. दोन देश लढत होते तेव्हाही काही हजार लोकांनी आपला माणूस कोण हे स्वतः ठरवलं होतं. त्यासाठी कुणी नियमावली उघडली नव्हती.

मालकांच्या बाबतीत मात्र ही मंडळी फार उदार. २०२१ मध्ये सौदी पैशानं न्यूकॅसल विकत घेतलं तेव्हा पाठीराखे डोक्याला घरातले टॉवेल गुंडाळून नाचले. शेवटी क्लबलाच सांगावं लागलं, आवरा. आम्हा पुणेकरांचा अनुभव वेगळा. २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीजनं ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतलं. १९९५ चा विजेता क्लब. खेळाडूंनी कंपनीच्या जाहिरातीत कोंबडीच्या तंगड्याही खाल्ल्या. मे २०१२ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, त्या रात्री भर पावसात कुणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. राग समजू शकतो. संघ खरंच बुडाला होता. पण तेलाच्या विहिरीवर टॉवेल आणि पोल्ट्रीवर कोंबडी, यातून एवढंच कळतं की मालकाचं परकेपण गुणतक्त्यात मोजतात.

हाच तक्ता घरच्यांनाही लागतो. ११ जुलै २०२१, युरोचा अंतिम सामना. रॅशफर्ड, सँचो, साका यांच्या पेनल्टी हुकल्या. तिघंही इंग्लंडात जन्मलेले. तरी रात्रीतून समाजमाध्यमांवर त्यांच्या कातडीच्या रंगावरून शिव्यांचा पूर आला. तीन वर्षांची अट यांनी पुरी केली होती. जन्म बघा नाहीतर नोंदणी, हे घरचेच. मग कमी काय पडलं? एक गोल.

आणि आता गंमत बघा. इंग्लंडचा कप्तान हॅरी केन २०२३ पासून जर्मनीत खेळतो. इंग्लंडचे प्रशिक्षक टुखेल जर्मनीचे. कप्तान तिकडे पाहुणा, प्रशिक्षक इकडे पाहुणे. पुढचा पराभव कुणाच्या खात्यावर टाकायचा, याचा आता संयुक्त करार करावा लागेल.

एव्हाना उत्तरार्ध सुरू झाला होता. कॉर्नर आला, गर्दीत ब्राझीलच्या एका बचावपटूनं डोकं घातलं आणि जाळं हललं. भाचा सोफ्यावर उभा. "आपला वाघ रं! आपला वाघ!" चिवडा छताला.

इंटरकॉम वाजला. खालच्या मजल्यावरचे काका. "अहो, तुमच्याकडचा तो बाहेरचा मुलगा फार दणदण करतो. भाडेकरू आहे का?"

"बाहेरचा नाही हो, काका," मी म्हटलं. "एकविसाव्या वर्षाआधी तीन वर्षं आमच्याच घरी जेवलाय. नियमानं घरात घडलेला आहे."