मोर कुणाच्या पोटावर?

आजींनी पैठणी नेसायची नाही, असं ठरलं आहे. ‘फॅमिली शूट फायनल फायनल’ या ग्रुपवर तसा फतवा निघाला असून त्याला सर्वांनी अंगठे दिले आहेत. कारण साधं आहे. बाकी सगळे पैठणी घालणार आहेत. मुलाला जाकीट, जावयाला जाकीट आणि वर खिशातला रुमाल, नातवाला कुर्ता, नातीला परकर-पोलकं, सूनबाईंना ब्लाउज आणि मांडीवरच्या बाळाला टोपडं. हे सगळं ज्या एका डाळिंबी पैठणीतून निघालं ती आजींची. त्यामुळे आजींकडे नेसायला पैठणी उरलेलीच नाही. आणि उरली असती तरी उपयोग नव्हता, कारण फोटोग्राफरचं म्हणणं, फ्रेममध्ये कुणीतरी न्यूट्रल लागतं. आजी न्यूट्रल. मोतिया रंगाची सुती साडी, कडेची खुर्ची, मांडीवर बाळ.

‘पण आजींना विचारलं का?’ असं कुणी विचारेल. विचारलं ना. साडी कापतानाचं रील आहे, त्यात आजी हसताना दिसतात.

येवल्यात पैठणीचं कापड मिळतं, त्याची जाकिटं शिवता येतात, तयारही मिळतात. ती घ्यायला काय हरकत होती? हरकत अशी की त्यात ‘इमोशन’ नाही. पॅकेज ‘हेरिटेज’चं घेतलं आहे. भाड्याच्या वाड्यात, भाड्याच्या झोपाळ्यावर, भाड्याची पितळी समई लावून बसायचं, तर एक तरी वस्तू घरची हवी. आणि घरची आहे एवढ्याने भागत नाही, ती कापलेली हवी. न कापलेली पैठणी म्हणजे नुसती साडी. तिच्यावर लाइक येत नाहीत.

पण आम्हाला बोलायचं आहे ते पदराबद्दल. एका साडीला पदर एकच. घरात जाकिटं दोन. बुट्ट्यांचं अंग कुणालाही चालतं, काठ कॉलरला आणि खिशाला जातो, पण मोर असतात पदरावर. तेव्हा पदराची वाटणी करायला बसले. शेताच्या वाटणीत निदान बांधावरून भांडता येतं, इथे बांधच पोटावरून जातो. मुलगा म्हणाला, साडी माझ्या आईची. जावई काही म्हणाला नाही. जावयाला काही म्हणावं लागत नाही. पदर जावयाच्या जाकिटाला गेला आणि मुलाच्या वाट्याला बुट्ट्या आल्या. गेले पंधरा दिवस तो ग्रुपवर फक्त ‘ओके’ लिहितो.

आता हा मोर साधा नव्हे, बांगडी मोर. चार मोर बांगडीसारखे गोल फेर धरून असतात. जाकीट मात्र मधोमध उघडतं. तेव्हा फेराचे दोन तुकडे झाले, दोन मोर डाव्या अंगाला, दोन उजव्या. बटणं लावली की फेर पूर्ण होतो, सोडली की मोडतो. एकाची चोच तिसऱ्या काजात गेली आहे, दुसऱ्याचा पिसारा शिवणीत शिरून थेट काखेत निघाला आहे. जेवणाआधीच्या फोटोत चार मोर आहेत. जेवणानंतरच्या फोटोत दोन इकडे, दोन तिकडे, आणि मध्ये जावयाचा बनियन. ‘सर, पोट आत घ्या, मोर तुटतोय,’ हे वाक्य त्या वाड्यात दुपारभर घुमत होतं. सरांनी पोट आत घेतलं की मोर जुळत, पण चेहरा असा होई की ‘कॅन्डिड’ राहत नसे. ‘सर, हसा.’ सर हसले की मोर पांगले. शेवटी सरांच्या पोटासमोर बाळ धरायचं ठरलं. म्हणजे ज्या मोरांसाठी साडी कापली ते झाकायला त्याच साडीचं टोपडं कामी आलं.

या जाकिटाला आतून अस्तर लावतात. सॅटिनचं. आमचं डोकं फिरतं ते या अस्तरापाशी.

हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदराला उलटी बाजू नसते. दोन्हीकडून सारखाच दिसतो. येवल्याचा किंवा पैठणचा विणकर प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली घेऊन, ताण्याचे धागे मोजत मोजत, मोर भरत जातो. मानेचा रंग संपला, तिल्ली बदल. डोळ्याचा ठिपका आला, पुन्हा बदल. एकेका भरजरी पदराला आठवड्यांमागून आठवडे जातात. मागच्या बाजूला धागे लोंबत ठेवले असते तर काम लवकर उरकलं असतं. तो ठेवत नाही. बाई चालताना वाऱ्याने पदर उलटला तरी मोर मोरच दिसला पाहिजे, एवढ्यासाठी तो डोळे फोडतो. ती बाजू तुम्ही पॉलिस्टरला शिवून टाकलीत! आणि ज्या बाईने ती साडी मलमलीत गुंडाळून ठेवली, घडीवर जर तुटू नये म्हणून दर सहा महिन्यांनी घडी बदलली, पावसाळा संपला की उघडून वारा दिला, मुलांच्या मुंजीपासून मुलीच्या लग्नापर्यंत मोजून मापून नेसली, तिला म्हणता, तुम्ही न्यूट्रल. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते साडीला आहे तसंच कापडालाही आहे, त्यामुळे जाकीट शिवणं गुन्ह्यात बसत नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

फोटो आले आहेत. अल्बमच्या पहिल्या पानासाठी फोटोग्राफरने निवडलेला फोटो कृष्णधवल आहे. त्याने ‘व्हिंटेज फील’ येतो म्हणे. डाळिंबी राखाडी झाली, मोर राखाडी झाले, जावई राखाडी झाले. आजींच्या साडीला तेवढा काही फरक पडलेला नाही.

तेव्हा फोटोग्राफरला सांगून उपयोग नाही, ग्रुपला तर नाहीच. टेलरमास्तर, विनंती तुम्हाला आहे. पदरासकट जुनी पैठणी टेबलावर आली आणि शेजारी कुणी जावई पोट आत घेऊन उभा असला, तर माप घेऊ नका. कात्री धार लावायला टाकली आहे म्हणा. काज करणारा गावाला गेला आहे म्हणा. लग्नसराई आहे, दिवाळीनंतर या म्हणा. आमच्या घरचे ब्लाउज द्यायच्या वेळी हे सगळं तुम्हाला तोंडपाठ असतं.