निळा बैल

गवळाऊ बैल पांढरा असतो, हे वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कॅमेऱ्याला सांगावं लागतं, आणि सांगूनही तो ऐकेलच असं नाही. जगातल्या कुठल्याही देखाव्याची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडीच भरते, अशी त्याच्या मीटरची ठाम समजूत. त्यामुळे समोर पांढरा बैल आला की तो त्याला राखाडी करून टाकतो. उजेड वाढवून दिला, तर पाठीवरचे केस, वशिंडाची गोलाई सगळं पुसलं जाऊन मधोमध एक कोरा डाग उरतो. आणि बैल कडुनिंबाच्या सावलीत उभा असेल तर त्याच्यावर ऊन नसतं, फक्त आभाळाचा उजेड असतो. म्हणून तो निळा. आमच्या वडनेरच्या पोळ्यात एकच जोडी राखाडी, कोरी आणि निळी अशा तीन जातींची निघाली, तेव्हा जोडीचे मालक, म्हणजे आमच्या शेजारचे काकाजी, फोटोंकडे बराच वेळ बघून म्हणाले, "गुर्जी, हे बैल आपले नाई."

नागपूरला इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामाजी, जेपेग सोडा. रॉमध्ये काढा आन् मग सॉफ्टवेअरमध्ये पांढरा करा." पुढचा उत्साहाचा भाग मी वगळतो, पण एक आकडा त्याने असा टाकला की मी गार झालो. जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. माझ्या सेकंडहँड कॅननच्या रॉ फाइलला १४ बिट, म्हणजे १६,३८४. मी शाळेत गणित शिकवतो. दोनाचा चौदावा घात वर्गाबाहेर कुणाच्या कामी आलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

या आकड्यांचा बैलाशी थेट संबंध आहे. पांढऱ्या पाठीवर जे काही चाललेलं असतं, केसांचा भोवरा, धुतल्यानंतरची चमक, ते सगळं वरच्या काही पायऱ्यांवर दाटीवाटीने उभं असतं. पायऱ्या थोड्या असल्या की ढकलाढकल होते. शिवाय रॉ फाइलमध्ये पांढऱ्याचा निकाल लागलेलाच नसतो. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो. निम्म्यांना हिरवा, उरलेल्यांत अर्ध्यांना तांबडा आणि अर्ध्यांना निळा. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. बाकीचे दोन रंग शेजारच्या ठिपक्यांना विचारून सॉफ्टवेअर भरतं. म्हणजे आपण ज्याला फोटो म्हणतो त्यातले दोन-तृतीयांश आकडे अंदाजाने भरलेले असतात. माझ्या वर्गात असा पेपर कुणी लिहिला असता तर मी त्याला उभा केला असता.

हे सगळं मी काकाजींना सोपं करून सांगितलं. त्यांनी ते आणखी सोपं केलं. "म्हणजे सरकीसकट कापूस. शर्ट पायजे तर जिनिंगपासून सारं आपल्यालेच करा लागते." एवढं बोलून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. पांढऱ्या सोन्यावर उभ्या असलेल्या हिंगणघाट तालुक्यात याहून चांगली व्याख्या मिळणार नाही. प्रश्न फक्त जिनिंग कोणतं, एवढाच उरला.

आमच्या जिल्ह्यात कठीण उजेडातल्या फोटोंचा आद्यपुरुष शोधायचा तर सेवाग्रामला जावं लागतं. गांधीजी तिथे १९३६ मध्ये राहायला आले. त्यांच्या नात्यातल्या पुतण्याचा मुलगा, कनु गांधी, याला फोटोंचा नाद लागला. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आला. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्या म्हणायचं नाही. आणि या फोटोंचा खर्च आश्रम करणार नाही. कुडाच्या कुटीत, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात, न थांबणाऱ्या माणसाचे फोटो काढायचे, तेही पदरच्या पैशाने!

पोळ्यात फोटो काढणाराही याच तीन अटींखाली काम करतो. फ्लॅश उडाला की बैल बुजतो, आणि बुजलेल्या बैलाच्या कासऱ्याला दुसऱ्या टोकाला काकाजी असतात. पोझ द्यायला सांगितली तर बैल शेपटी कॅमेऱ्याकडे करतो. राहिली तिसरी अट, ती आमच्या घरातून आली. कनु गांधींची गोष्ट मी जेवताना रंगवून सांगितली होती. सौभाग्यवतींनी ती शांतपणे ऐकून घेतली, वरण वाढलं आणि म्हणाल्या, "मंग बरोबर आहे बापूंचं. त्या सॉफ्टवेअरसाठी घरखर्चातून एक पैसा निघणार नाई."

त्यामुळे लाइटरूम हे विकतचं सॉफ्टवेअर बाद झालं. एरवी नवशिक्याला ते सोपं, हे मान्य करायला हवं. उजव्या बाजूला मोजकी बटणं, वरून खाली सरकत गेलं की काम होतं, आणि शिकवणारे व्हिडिओ इतके की ते बघता बघता पेन्शन लागेल. पण २००७ साली आलेल्या या लाइटरूमचं २०१५ मधलं सहावं रूप हे एकदाच पैसे टाकून कायमचं घरी आणता येणारं शेवटचं. २०१७ पासून भाडं भरायचं. पोळा वर्षातून एकदा येतो, भाडं महिन्याला. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याला ते परवडतं, आणि त्याने ते खुशाल घ्यावं. बैल मानधन देत नाहीत.

भाच्याने मग डार्कटेबल सुचवलं. फुकट, मुक्त, योहानेस हानिका यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं, जगभरातल्या हौशी लोकांनी वाढवलेलं. आधी लिनक्सवर चालायचं, २०१७ च्या डिसेंबरात विंडोजवाल्यांच्या वाट्यालाही आलं. बुद्धिमान माणसांनी बुद्धिमान माणसांसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे. त्यात फिल्मिक आरजीबी नावाचं एक मॉड्यूल आहे, त्याच्यावर लोक तासतासभराची व्याख्यानं देतात. आणखी एकाचं नावच 'डिफ्यूज ऑर शार्पन', म्हणजे फोटो धूसर करायचा की धारदार, हे तुमचं तुम्ही ठरवा. आत स्लायडरांची अशी रांग की भौतिकशास्त्राचे सर बोलावून आणावे लागले. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, "हे उष्णतेच्या विसरणाचं समीकरण आहे," असं आनंदाने सांगितलं आणि बैलाकडे ढुंकूनही न बघता ते निघून गेले.

रॉथेरपी हे दुसरं फुकटातलं. हंगेरीच्या गाबोर होर्वाथ यांचं, २०१० पासून सर्वांना खुलं. तिथे तर फोटो दिसायच्या आधीचाच, ठिपक्यांचे रंग भरायचा अंदाज कोणत्या पद्धतीने करू, असा पर्याय समोर येतो. अमेझ, आयजीव्ही, एएचडी, ईएएचडी, एचपीएचडी, डीसीबी, एलएमएमएसई. गणितवाल्याला हा मोह आवरत नाही. मी प्रत्येक पद्धतीने बैलाची शिंगं करून पाहिली. शिंगावरच्या बेगडीची कड चारशे टक्के मोठी केल्यावर फरक दिसतो, हे खरं. पण बेगड इतक्या जवळून बघणारा प्राणी पोळ्यात एकच असतो, आणि तो म्हणजे शेजारचा बैल.

गिंपचं नाव शाळेतल्या संगणकवाल्या पोराने घेतलं. गिंप फार गुणी, पण रॉ फाइल दिली की तो ती स्वतः उघडत नाही. डार्कटेबल किंवा रॉथेरपी आहे का घरात, असं विचारतो. म्हणजे फिरून गाडी तिथेच.

नवशिक्याला खरा धक्का बसतो तो मॉड्यूलांनी नव्हे. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक छोटा जेपेग असतो. फाइलवर क्लिक केलं की आधी तो झळकतो, छान, टवटवीत. मग सॉफ्टवेअर आपल्या हिशोबाने खरा मजकूर मांडतं आणि डोळ्यांदेखत रंग उतरतो. झूल फिकी, बाशिंग मलूल, बैल उपाशी. आमच्या घरात हे बघायला सगळे जमले होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी चांगला होता ना हो!" त्यावर, हा जास्त खरा आहे, असं उत्तर देता येतं, पण ते संसारात टिकत नाही. कारण साधं आहे. कॅमेरा कंपनीने रंगांचा जो मसाला जेपेगला लावलेला असतो, तो तिच्या स्वतःच्या घरात असतो. बाहेरच्या सॉफ्टवेअरला आपला वेगळा मसाला वाटावा लागतो.

माझा सल्ला कुणी मागत नाही, पण देतो. पहिल्यांदाच रॉकडे वळलेल्या माणसाने आधी आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्यावं. निकॉनवाल्याने एनएक्स स्टुडिओ, सोनीवाल्याने इमेजिंग एज, कॅननवाल्याने डिजिटल फोटो प्रोफेशनल, ज्याला सगळे डीपीपी म्हणतात. फाइल उघडली की फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला होता तसाच दिसतो. सुरुवातीला माणसाला एवढा आधार पुरतो. डीपीपी उतरवून घेताना कॅननची साइट कॅमेऱ्याचा सीरियल नंबर मागते. कॅमेरा पालथा घालून, टॉर्च धरून तो वाचावा, आपल्याला नवऱ्यामुलाच्या बापाइतका मान मिळाल्याचा भास होतो. डार्कटेबलचं नाव वहीत लिहून ठेवावं. पुढच्या पोळ्याला हात शिवशिवतील तेव्हा आहेच.

आता पांढऱ्याचं. या सगळ्या प्रोग्रामांत एक पिपेट असते, शाईच्या ड्रॉपरचं चित्र. फोटोतल्या पांढऱ्या किंवा राखाडी जागेवर टोचायचं, म्हणजे सॉफ्टवेअर त्या जागेला बेरंग धरून बाकीचे रंग सुधारून घेतं. ऐकायला सोपं. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी झालेली असते. तूप-हळदीने बैलांचे खांदे चोळून, आवतण देऊन लोक घरी जातात, आणि ती हळद दुसऱ्या दिवशीही पांढऱ्या केसांत मुरलेली असते, डोळ्याला जाणवणार नाही इतकी. त्या खांद्यावर पिपेट टोचली की सॉफ्टवेअर पिवळ्याला पांढरा समजतं, सगळ्या फोटोतून पिवळा काढून घेतं, आणि बैल पुन्हा निळा. गेरूच्या ठिपक्यावर टोचली तर तोरणासकट अख्खा पोळा हिरव्या-निळ्या पाण्याखाली गेल्यागत दिसतो. उन्हाने कोऱ्या झालेल्या पाठीवर टोचून उपयोग नाही, तिथे माहितीच शिल्लक नसते. जागा सापडली ती पोटाखाली, मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे ना हळद, ना गेरू, ना ऊन. काकाजींनी स्क्रीनवर बोट ठेवून ती दाखवली. "इथं हात कोनी लावत नाई, लाथ बसते."

टोचलं. बैल पांढरा झाला. इतका की मीच खूश होऊन लाइटरूमचं भाडं वाचल्याचं मोठ्याने जाहीर केलं. काकाजी मात्र गप्प. "पांढरा झाला न?" मी विचारलं.

"झाला. पण त्याच्या वशिंडावर करडेपणा आहे न बाप्पा. मानीवर बी आहे. तो कुठी गेला?"

गवळाऊच्या नरांना मान, वशिंड आणि मागच्या भागावर करडी झाक असते, हे पशुवैद्यकाच्या पुस्तकातही लिहिलेलं आहे. कॅमेऱ्याने त्याला राखाडी केलं तेव्हा काही ठिकाणी तो बरोबरच होता म्हणायचा. हायलाइटचा स्लायडर मी मागे आणला, ब्राइटनेस थोडा उतरवला, काकाजी "अजून, अजून, हां, थांब" करत राहिले, ट्रॅक्टर मागे घेताना करतात तसे. लॅपटॉपचा पडदा कॅलिब्रेट करायची महागडी यंत्रं मिळतात म्हणे. त्यांना करडेपणा कळत असेल, हा बैल कळणार नाही.

"याच्यानं बैलाले काही होत नाई न?" त्यांनी मध्येच विचारलं. म्हणजे फाइलीला. नाही होत. रॉ फाइलीतला मूळ मजकूर कुणीच बदलत नाही. केलेले फेरफार चिठ्ठीसारखे वेगळे टिपून ठेवले जातात. डार्कटेबल ही चिठ्ठी फाइलीशेजारी ठेवतं, डीपीपी तिच्या पोटात सरकवतं. चिठ्ठी फाडली की बैल होता तसा. काकाजींना हे पटलं. सातबाऱ्याबद्दलही असंच असायला पाहिजे होतं, असं ते म्हणाले.

शेवटी तीसेक एमबीच्या फाइलीतून एक सुरेख जेपेग निघाला आणि तो काकाजींच्या व्हॉट्सअॅपवर गेला. व्हॉट्सअॅपने जाता जाता तो दाबून चपटा केला, त्याबद्दल मी काही बोललो नाही. तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी नंदी घेऊन बोजारा मागायला दारात उभी होती, त्यांनाही फोटो दाखवून झाला. संध्याकाळी काकाजी पुन्हा आले.

"गुर्जी, फोटो एक नंबर. फक्त माहा नातू हैदराबादले आहे, पोळ्याले येता नाई आलं त्याले. त्याले तेवढा बैलाच्या बाजूले उभा करून द्या."

मी त्यांना समजावलं की डीपीपी, डार्कटेबल, रॉथेरपी ही सगळी उजेडाची आणि रंगाची कामं करणारी सॉफ्टवेअरं. नसलेला माणूस उभा करायला दुसऱ्या कुळातलं लागतं, फोटोशॉप नाहीतर तो मघाचा गिंप. म्हणजे निवड पुन्हा पहिल्यापासून. ते म्हणाले, करा मग, घाई नाही. मी म्हटलं, निदान नातवाचा फोटो तरी रॉमध्ये काढलेला आहे का, उजेड जुळवायला बरं पडेल.

"आहे न," असं म्हणून त्यांनी बंडीच्या खिशातून त्याचं आधार कार्ड काढलं.