हॉलचा टीव्ही, टेबलाचा मॉनिटर

"पंचावन्न इंची घेऊ म्हणतायत हे," काकूंनी कोथिंबिरीची जुडी भिंतीवर ठेवत सांगितलं. "हॉलला टीव्ही झाला, पोराला गेम खेळायला झाला, एका खर्चात दोन कामं. आणि पोरगं हटून बसलंय, मला सत्तावीस इंची मॉनिटरच पाहिजे. निम्म्या आकाराची वस्तू कुणी भांडून मागतं का गं?"

मासुळकर कॉलनीतल्या आमच्या दोन रो-हाऊसमधली भिंत कोपर टेकायला अगदी बरोबर उंचीची आहे, त्यामुळे इकडची बातमी तिकडे जायला वेळ लागत नाही. मी भोसरीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात असते, दिवसभर मॉनिटरवर पार्टचे चरे मोठे करून बघते. रात्री मीही गेम खेळते, हे काकूंना ठाऊक आहे. सासूबाईंना नाही, तेव्हा आवाज जरा हळू.

"बसणार कुठे तो?"

"टेबलाशी. तो कीबोर्ड, तो माऊस, सगळं टेबलावर मांडलंय."

"म्हणजे डोळ्यांपासून दोन-अडीच फुटांवर. तिथे पंचावन्न इंची ठेवला तर डाव्या कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवायची, उजवीकडच्या गोळ्या मोजायला परत वळवायची. तेवढ्यात समोरचा याला उडवून मोकळा."

काकूंना गोळ्यांचं काही पडलं नव्हतं, पण मानेचं पटलं. त्यांना स्पाँडिलायटिस आहे.

मग मी ठिपक्यांचं सांगितलं. फोर-के पंचावन्न इंचीत एका इंचात साधारण ८० ठिपके बसतात. सत्तावीस इंची क्यूएचडी मॉनिटरमध्ये १०९. सोफ्यावरून, आठ-नऊ फुटांवरून, हा फरक कुणाच्या बापाला दिसत नाही. टेबलाशी बसलं की दिसतो. आणि काही लोक पैसे वाचवायला बत्तीस इंची एचडी रेडी टीव्ही पीसीला जोडतात, त्यात इंचाला ४९ ठिपके. त्यावर कॉलेजचा रिपोर्ट टाइप करायचा म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. पोरगं फक्त खेळणार नाही ना, कोडिंगही करणार. निदान घरात तसं सांगून पीसी मागवलाय.

एवढ्यात काका आले. चाकणला प्रेस शॉपमध्ये असतात, पहिली पाळी, कंपनीच्या बसने येईपर्यंत चार वाजून जातात. चहाचा कप घेऊनच भिंतीशी उभे राहिले.

"काय शिकवतेस हिला? स्क्रीन म्हणजे स्क्रीन. ब्याऐंशीच्या एशियाडला रंगीत टीव्ही आला तेव्हा अर्धी चाळ आमच्या मालकांच्या खोलीत बसायची. सिंहगडाकडे अँटेना वळवायला मी गच्चीवर. कुणी इंच मोजले नाहीत."

"काका, तेव्हा तुम्ही नुसतं बघत होतात. हा बटण दाबतो."

इथे काका अडकले, कारण हे त्यांच्याच धंद्यातलं होतं. मी विचारलं, "प्रेसला दोन्ही हातांनी बटणं दाबलीत आणि रॅम जरा थांबून खाली आला तर काय करता?"

"मेंटेनन्सला बोलावतो. मशिन बंद."

"टीव्ही तेच करतो. आलेलं चित्र तो तसंच दाखवत नाही. खरखर काढतो, कडा उठावदार करतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःचं तिसरं घालून हालचाल गुळगुळीत करतो. मॅच बघताना बरं वाटतं. पण या शृंगाराला वेळ लागतो. काही टीव्हींवर तो शंभर मिलिसेकंदांच्याही वर जातो. पोराने माऊस हलवला आणि बंदूक मागाहून वळली."

काकांनी कप भिंतीवर ठेवला. खरं तर इथेच त्यांचा टीव्ही हरला होता, पण मला अर्धवट सांगून जिंकायचं नव्हतं. हल्लीच्या टीव्हीत गेम मोड असतो. तो लावला की हे सगळे संस्कार बंद होतात आणि चांगल्या टीव्हीचा उशीर दहा-वीस मिलिसेकंदांवर येतो. सेटिंगमध्ये जाऊन तो लावायला हवा, एवढंच. कितीतरी घरांत दुकानातून आलेला झगमगीत मोडच वर्षानुवर्षे चालू असतो.

"मग झालं तर," काका उजळले. "आणि दुकानदार म्हणाला, हा टीव्ही दोनशे चाळीसचा आहे."

"दोनशे चाळीस काय? हर्ट्झ, की मोशन अमुकतमुक?"

"ते काहीतरी मोशनच होतं."

ही एक युक्तीच आहे आणि मला तिचा राग येतो. पॅनल सेकंदाला साठच चित्रं दाखवत असतं, आकडा मात्र सॉफ्टवेअरच्या करामती धरून फुगवलेला. विचारायचं ते पॅनलचा मूळ रिफ्रेश रेट किती. साठला एक चित्र जवळजवळ १७ मिलिसेकंद टिकतं, १४४ला सात. पोरगं जे खेळतं त्यात हा फरक हाताला कळतो, मी अनुभवाने सांगते. १४४ हर्ट्झचे मॉनिटर आता मधल्या किमतीत मिळतात. टीव्हीत १२० हवे असतील तर बहुतेक वरच्या रांगेत जावं लागतं. शिवाय फोर-के १२०ने चालवायचं तर एचडीएमआय २.१ लागतं. जुनं २.० साठवरच थांबतं. आणि टीव्हीच्या मागे चार खाचा असल्या तरी चारही तशा असतीलच असं नाही. पीसीचा डिस्प्लेपोर्ट तर टीव्हीला सहसा नसतोच.

"आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं घेतलंय त्याने?"

काकूंनी नाव सांगितलं, तोंडपाठ. कार्ड मधल्या ताकदीचं होतं.

"मग ऐका. फुल एचडीत साधारण २१ लाख ठिपके, क्यूएचडीत ३७ लाख, फोर-केत ८३ लाख. प्रत्येक चित्राला एवढे सगळे रंगवायचे, तेही सेकंदाला साठ वेळा, शंभर वेळा. हे कार्ड क्यूएचडीला छान पळेल. फोर-केला नव्या गेममध्ये धापा टाकेल. ठिपके कमी करून खेळता येतं, पण मोठ्या पडद्यावर जवळून ते मऊ, धुरकट दिसतं."

"म्हणजे टीव्ही मोठा घेतला की कार्डही मोठं घ्या," काकू नवऱ्याकडे वळल्या. "तुमची दोन कामं एका खर्चात नाहीत हो, एका कामाला दोन खर्च आहेत!"

काका जीएसटीवर गेले. बत्तीस इंचांच्या वरच्या टीव्हीवर २८ टक्के कर होता, तो २०२५च्या घटस्थापनेपासून, २२ सप्टेंबरपासून, १८ झाला. त्यांचं म्हणणं, स्वस्त झालंय तेच घ्यावं. मी म्हटलं, सत्तावीस इंची मॉनिटरवर आधीपासूनच १८ होता, तेव्हा सूट आपल्याला कुठे मिळाली यावरून वस्तू ठरवायची का? पिंपरी कॅम्पातल्या दुकानदाराला ते चालेल, पोराला नाही. मग काकांनी रांजणगावचा विषय काढला. एलजीचा कारखाना तिथे आहे, गावातलाच माल घ्यावा वगैरे. त्यांच्या साडूचा मुलगा त्या बाजूला कामाला आहे म्हणून ही आपुलकी. काचेचं पॅनल बहुतेक परदेशातूनच येतं, इथे बॅकलाइट-कॅबिनेट चढतं, हे त्या साडूच्या मुलानेच सांगितलेलं. ते काका सोयीने विसरले.

टीव्हीची बाजू मुळीच नाही असं नाही. हातात कंट्रोलर घेऊन, मित्रांना जमवून, सोफ्यावर लोळत फुटबॉल किंवा गाड्यांची शर्यत खेळायची तर टीव्हीसारखं सुख नाही. ओएलईडी टीव्हीचा काळा रंग पाहिला की मॉनिटर फिका वाटतो, हे मी कबूल करते. पण त्याच ओएलईडीवर विंडोजची पट्टी नि गेममधला तोच तो नकाशा रोज तासन् तास ठेवला तर डाग राहण्याची भीती असते. शिवाय हॉलचा टीव्ही संध्याकाळी सात ते दहा मोकळा असतो का? हा प्रश्न मी विचारला आणि पलीकडे कुणीच बोललं नाही.

शेवटी ठरलं ते असं: पोराला मॉनिटर, हॉलचा जुना टीव्ही पुढच्या दिवाळीपर्यंत तसाच. तरी टीव्हीच घ्यायची वेळ आली तर दुकानात लॅपटॉप न्यायचा, काळ्यावर लाल बारीक अक्षरं उघडायची, आणि अक्षरांच्या कडा विरघळल्या तर इनपुटचं नाव पीसी करून बघायचं. तरी विरघळल्या तर तो सेट नको. हे मी काकांना कागदावर लिहून दिलं, त्यांना कागद लागतो.

ते आत गेले. काकूंनी जुडी उचलली, पण हलल्या नाहीत.

"त्या मॉनिटरवर मालिका लागते का गं?"

"अँटेना-केबलची सोय नसते त्यात. पण सेट टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडला की लागते. आवाजाला स्पीकर लागेल, काहींना असतो, काहींना नसतो."

"मग स्पीकर असलेलाच सांग त्याला घ्यायला," त्या आणखी जवळ सरकल्या. "दुपारी तो कॉलेजला असतो. आणि हे बघ, ती वायर काढायची-घालायची कशी, तेवढं मला एकदा दाखवून ठेव. यांच्यादेखत नको."