डब्यांची रांग

'भारनियमन' हा शब्द ज्याने काढला, त्याच्या घरी बहुधा इन्व्हर्टर असावा. इतका भारदस्त शब्द अंधारात, मानेवरचे डास मारत सुचणं कठीण. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात तो पेपरातच राहिला. माणसांच्या तोंडी लोडशेडिंग बसलं, त्याचंही पुढे 'लोडशेटिंग' झालं आणि म्हाताऱ्या बायकांनी तर दोन शब्दांत विषय संपवला : लाईट गेली. कुठे गेली, हे विचारायची पद्धत नाही. कधी येणार, एवढंच विचारायचं.

2005 नंतरची ती चार-पाच वर्षं. खेड्यापाड्यांत दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. पंचांगाशेजारच्या खिळ्याला लाईटचं वेळापत्रक टांगलेलं असायचं आणि दोन्हींत विरोध आला तर वेळापत्रकाचं ऐकलं जायचं. मुहूर्त पाच मिनिटं इकडेतिकडे होतो. पाण्याची मोटर होत नाही.

या सगळ्याचं खरं केंद्र होतं पिठाची गिरणी. तिथे माणसं रांग लावत नसत, डबे लावत. कडीचा अॅल्युमिनियमचा डबा, वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा, झाकण हरवलेल्या डब्यावर ताटली आणि ताटलीवर दगड. मालक घरी झोपलेले, डबे मालकांच्या वतीने उभे. कुणी आपला डबा हळूच पुढे सरकवला की भांडण माणसांचं व्हायचं, पण नावं डब्यांची घेतली जायची : "त्या हिरव्या पिशवीवाल्याला माज आलाय!" रात्री दोनला लाईट आली की गिरणीचा पट्टा फिरायला लागे आणि अंगावर शाली घेतलेल्या बायका गल्लीतून लगबगीने निघत. परगावचा पाहुणा दचकून विचारी, "कोण गेलं?" त्याला सांगावं लागे की कोणी गेलं नाही, आली आहे.

एकदा प्रस्तुत लेखकाच्या घरचे गहू निम्मे दळून झाले आणि लाईट गेली. दुसऱ्या दिवशी गडबडीत उरलेल्या गव्हांवरच कुणाची तरी ज्वारी पडली. त्या पिठाची ना धड पोळी झाली ना भाकरी. आठवडाभर जे ताटात पडत होतं, त्याला घरात अजून नाव नाही.

कोणाला किती अंधार, याचाही हिशेब होता. जिथे वीजगळती जास्त आणि वसुली कमी, तिथे भारनियमन जास्त. त्यासाठी फीडरचे, म्हणजे वीजवाहिन्यांचे, 'ए'पासून 'जी'पर्यंत गट पाडलेले. शेजारच्या गुरुजींनी जन्मात बिल थकवलं नाही, पण राहायला 'जी' गटात. त्यांच्या भिंतीपलीकडे तारेवर आकडा. दोघांकडे अंधार मात्र एकाच मिनिटाला व्हायचा. गुरुजी पावत्यांची फाइल घेऊन कचेरीत गेले. तिथल्या माणसाने फाइल शेवटपर्यंत चाळली आणि आदराने सांगितलं, "गुरुजी, तुम्ही भरता. तुमचा फीडर भरत नाही."

आता एवढी वीज गेली कुठे, म्हणाल तर काही ठिकाणी ती असूनही नव्हती. गुहागरच्या किनाऱ्यावरचा दाभोळचा प्रकल्प एकूण 2184 मेगावॉटचा ठरला होता. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 साली सुरू झाला आणि 2001मध्ये दराच्या भांडणात तोही बंद पडला. पुढची काही वर्षं राज्य मेणबत्त्या विकत घेत होतं आणि प्रकल्प समुद्राकडे बघत उभा होता. 2005मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या : एक वीज बनवणार, एक वाहून नेणार, एक वाटणार. वाटायला काय आहे, हा प्रश्न तिसरीच्या वाट्याला आला. पुण्याने 2006मध्ये वेगळा मार्ग काढला. कारखान्यांनी आपापली जनित्रं चालवली, जादा खर्च ग्राहकांनी बिलातून सोसला आणि शहरातलं भारनियमन थांबलं. आणि परळी? तिथे औष्णिक केंद्राच्या चिमण्या गावातून दिसतात. 2013च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं. दिव्याखाली अंधार ही म्हण परळीकरांना समजावून सांगावी लागत नाही.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, देशभर बातमी झाली. गावातल्या पारावर ती मोबाइलवर वाचताना एकाने मनापासून विचारलं, "मग बातमी काय आहे?"

शेतकऱ्याची गोष्ट निराळी. त्याला लाईट नको, थ्री फेज हवी आणि ती पाळीने येते : काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीच्या पाळीत थंडी, साप आणि हल्ली बिबट्या यांच्या साक्षीने दारं धरायची. हे टाळायला त्याने मोटरीला ऑटो-स्विच बसवला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, मालक गोधडीत. युक्ती नामी होती, पण ती सगळ्यांनाच सुचली. लाईट येताक्षणी शिवारातल्या साऱ्या मोटरी एकदम उठतात, डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, 'ढप्प' असा आवाज येतो आणि लाईट आली तशी जाते. मग डीपी ट्रॅक्टरवर घालून न्यायची आणि दुसरी आणायची. हरिनाम सप्ताह आणि डीपी, या दोनच कामांना गावात एका तासात वर्गणी जमते. ऑटो-स्विच बसवू नका, असं सरकार बजावून सांगतं. सगळ्यांना ते पटतं. शेजाऱ्याने आधी काढावा, एवढंच म्हणणं असतं.

पूर्वीच्या मानाने दिवस आता बरे आहेत. वेळापत्रक खिळ्यावरून उतरलं. त्यामुळे लाईट आता न सांगता जाते, ही एक अडचण झाली आहे. सांगून जायची तेव्हा निदान कुकर कधी लावायचा, मिक्सर कधी फिरवायचा, ते कळत असे. गिरणीत डबे मात्र अजून रांगेत असतात. तुमचा तिथे असेल तर झाकणावर तेवढं नाव घाला. कडीचे तीन अगदी सारखे आहेत आणि त्यातल्या एकात ज्वारी आहे.