आमच्या साडूंना मालक केल्याबद्दल

प्रति,
सुट्टी-सल्लागार महोदय,
(कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. या धंद्यात आपले भाऊबंद पुष्कळ. कोणाला डावलल्यासारखं व्हायला नको.)

स. न. वि. वि.

मॉलच्या दारात भरलेल्या कुपनावर आमच्या साडूंचं नशीब फळफळलं आणि आपला फोन आला. बक्षीस न्यायला जोडीनंच यायचं, ही आपली अट. सत्यनारायणाच्या पूजेखेरीज इतक्या आग्रहानं जोडीनं बसायला कोणी सांगत नाही. मी आपला सोबतीला आलो होतो. दीड तास झाला, दोनदा सरबत फिरलं, मागच्या टेबलावर कोणीतरी सही केली म्हणून टाळ्या वाजल्या, आणि आपण साडूंना हॉटेलचे मालक करून टाकलंत. "सर, भाडं भरून किती दिवस राहणार? ओनर व्हा. हे शेअरसारखंच आहे, किंमत वाढतच जाणार." या वाक्याला दाद द्यावी तेवढी थोडीच.

योगायोगानं मीही एका हॉटेलचा मालक आहे. इंडियन हॉटेल्सचे थोडे शेअर माझ्या डीमॅटमध्ये आहेत. गेटवेसमोर 1903 पासून उभं असलेलं ताज थोडंफार आपलंच, असं मी बायकोला अधूनमधून ऐकवतो. पण सर्वोच्च न्यायालयानं 1954 सालीच या ऐटीवर पाणी ओतलंय. बाचा गझदर विरुद्ध मुंबईचे आयकर आयुक्त, असा तो खटला. बाईंकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. कंपनीच्या उत्पन्नातले 60 टक्के शेतीचं उत्पन्न म्हणून करातून सुटतात, तर माझ्या लाभांशाचाही तेवढा हिस्सा सोडा, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयानं सांगितलं, मळा कंपनीचा. भागधारकाचा हक्क वाटल्या जाणाऱ्या नफ्यावर, मळ्यावर नव्हे.

म्हणजे ताजमधली एक उशीसुद्धा माझी नाही. मग माझ्याकडे आहे तरी काय? लाभांश जाहीर झाला तर खात्यात पडणारे चार पैसे. संचालक नेमताना द्यायचं मत. कंपनी गुंडाळली आणि सगळ्यांची देणी भागली, तर उरल्यासुरल्यातला वाटा. आणि बाजार चालू असताना मोबाइलवरून विकून मोकळं व्हायची सोय. पूर्वी वार्षिक सभांना हजेरी लावली की समोसा-वेफर्सचा खोकाही हाती पडायचा. 2020 मध्ये सभा व्हिडिओवर गेल्या आणि भागधारकांचा तेवढा एक खात्रीचा लाभ बुडाला. भाव पडला की माझे पैसे जातात, अगदी सगळेही जाऊ शकतात. पण गेले तर घातले तेवढेच जातात. पूर्ण रक्कम भरलेल्या शेअरवर कंपनी मला दरवर्षी बिल पाठवत नाही.

साडूंना येतं.

करार मी घरी आणून वाचला. सह्यांच्या जागी आपण पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या होत्या. मी फुल्या नसलेली पानं वाचली. 25 वर्षं, दरवर्षी 7 रात्री, त्याही ठरलेल्या रंगाच्या हंगामात. साडूंच्या वाट्याला निळा रंग आलाय. त्यात दिवाळी नाही, नाताळ नाही, मे महिना नाही. महाबळेश्वर हवं असेल तर जुलैत, म्हणजे वेण्णा लेक कुठे संपतो नि रस्ता कुठे सुरू होतो हे कळत नाही तेव्हा. देखभाल शुल्क दरवर्षी, वर 18 टक्के जीएसटी. जा किंवा जाऊ नका. शुल्क किती वाढवायचं ते कंपनी ठरवणार, त्यावर या मालकाला मत नाही. थकलं तर बुकिंग बंद. जमीन, इमारत, फर्निचर सगळ्याची मालकी कंपनीकडेच राहील, असं एका कलमात स्वच्छ लिहिलंय. दीड तासात तेवढं वाचून दाखवायला आपल्याला सवड झाली नसावी.

विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक साडूंनीच शोधायचं, हस्तांतराचं शुल्क भरायचं, आणि मिळेल ती किंमत घ्यायची. आपण स्वतः परत घ्याल का, असं साडूंनी विचारलं तेव्हा आपण तिसरं सरबत मागवलंत.

राहण्याचा हक्क विकणं हा काही गुन्हा नव्हे. दरवर्षी नेमानं फिरणाऱ्या, सहा महिने आधी तारखा ठरवणाऱ्या घराला तो परवडूही शकतो. स्वित्झर्लंडच्या हापिमागनं तर 1963 पासून दोन्ही एकत्र बांधलं: सभासदाला कंपनीचा शेअरही आणि राहण्यासाठी दरवर्षी ठरावीक गुणही. वार्षिक वर्गणी मात्र तिथंही चुकली नाही.

भानगड होते ती राहण्याचा हक्क गुंतवणूक म्हणून खपवला की. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जची आठवण आपल्याला नसेल, मराठी घरांना आहे. हॉटेलातल्या रात्री विकायच्या, आणि न वापरल्यास मुदतीअंती वाढीव रक्कम देऊ म्हणायचं. सेबीनं सांगितलं, ही बिननोंदणीची सामूहिक गुंतवणूक योजना आहे, आणि 2016 साली 7,000 कोटींहून अधिक रक्कम परत करण्याचा आदेश दिला. रात्री राहिल्या बाजूला, लोक पैशांसाठी हेलपाटे घालत बसले.

युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानुसार टाइमशेअर, म्हणजे असा ठरावीक रात्री राहण्याचा हक्क, गुंतवणूक म्हणून विकताच येत नाही. शिवाय करार मोडायला ग्राहकाला 14 दिवस मिळतात आणि तोवर त्याच्याकडून आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे. आपण साडूंना ऐकवलेलं "आज सही केली तरच ही किंमत" हे वाक्य तिथं टिकायचं नाही. आपल्यासारख्या कसबी माणसाची तिथं उपासमार होईल, म्हणून आपण इथेच आहात, हे आमचं भाग्य.

कळावे, लोभ असावा. फोन नसावा.

आपला,
साडूंचा साडू

ता. क. हे वाचणाऱ्यांनो, बक्षीस घ्यायला जोडीनं गेलात तर सरबत जरूर प्या. सही करण्याआधी मात्र एवढं लेखी मागा: पाच वर्षांनी नको झालं तर कंपनी स्वतः परत घेईल का, आणि किती रुपयांना?