राजूरला मुक्काम : खोलीआधी तिथी

राजूरला मुक्कामाची जागा ठरवायची तर आधी पंचांग उघडावे लागते. भोकरदन तालुक्यातले हे गाव जालन्यापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरला पूर्ण पीठाचा मान आहे. वरेण्य राजाला गणेशगीता इथेच सांगितली गेली, अशी श्रद्धा आहे. राजा उतरला कुठे, याची नोंद मात्र नाही, त्यामुळे प्रवाशाला जुन्या अनुभवाचा आधार मिळत नाही.

साध्या दिवशी निवड सोपी असते. जी खोली उघडी असेल ती घ्यावी. संकष्टीला, म्हणजे महिन्यातून एकदा, भाडे आणि आवाज दोन्ही चढतात. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी. ती वर्षातून एखाददोनदाच येते आणि लाखोंची गर्दी घेऊन येते. असंख्य भाविक आदल्या रात्रीच जालन्याहून पायी निघतात. वाटेत चहा आणि फराळ फुकट वाटणारी मंडळी उभी असतात, त्यामुळे झोप आणि भूक दोन्ही रस्त्यातच लांबणीवर पडतात. त्या रात्री खोली मागायला फारसे कोणी येत नाही. ती मागतात दुसऱ्या दिवशी, दर्शन झाल्यावर, पाय पुढे जायला नकार देतात तेव्हा. त्या वेळी पलंग, सतरंजी आणि देवळाजवळची सावली यांत चोखंदळपणा उरत नाही.

शहरी प्रवासी मात्र बुटिक हॉटेलची सवय घेऊन येतो. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली उघडलेले मॉर्गन्स हे या प्रकारातले एक आद्य हॉटेल मानले जाते. त्याची अंतर्गत सजावट आंद्रे प्युतमां यांनी केली होती. मोजक्या खोल्या, प्रत्येकीची तऱ्हा निराळी आणि मालकाचे जातीने लक्ष, ही या प्रकाराची लक्षणे. तीर्थक्षेत्रातला कुठलाही छोटा लॉज ती विनासायास पूर्ण करतो. खालच्या मजल्यावर शहाबादी फरशी, वरच्यावर टाइल्स, गच्चीवरच्या खोलीत पत्रा. कारण पैसे येत गेले तसा मजला चढत गेला. जातीने लक्ष तर इतके, की आधार कार्ड बघतानाच मालक गाव, आडनाव आणि एखादा दूरचा पाहुणा शोधून काढतो. भक्तनिवासात भिंतीवर कलाकृती नसते, ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी संगमरवरी पाटी असते. पाहुणा कुणाच्या तरी आजोबांच्या नावाखाली झोपतो.

उन्हाळ्यात गादीपेक्षा पाण्याची चौकशी आधी करावी. २०१२-१३ च्या दुष्काळाचा जबर फटका बसलेल्या जिल्ह्यांत जालना होता, त्यामुळे ‘चोवीस तास गरम पाणी’ या पाटीतले ‘चोवीस तास’ पाण्यालाही लागू आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही.

ऐसपैस खोली, लिफ्ट आणि एसी हवा असेल तर जालन्यात उतरावे. शहर बियाणे आणि लोखंडी सळयांच्या व्यापाराचे; तिथल्या हॉटेलात सकाळी चहासोबत दोन्हींचे भाव ऐकायला मिळतात. आणखी साठेक किलोमीटर मागे छत्रपती संभाजीनगर आहे. अजिंठा-वेरूळच्या पाहुण्यांमुळे तिथली हॉटेले अधिक नटलेली. पण त्यांच्या भाड्यात सकाळचा नाश्ता धरलेला असतो, आणि संकष्टीला उपास. समोर इडली, ऑम्लेट, सहा प्रकारचे ब्रेड मांडलेले, आणि पाहुणा एका केळ्यावर बाहेर पडतो. हे पैसे देवाला पोचले असे समजावे. हॉटेल ते परत करत नाही.

उपास सुटतो चंद्रोदयानंतर, म्हणजे बहुधा रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान. म्हणून खोली घेताना त्या वेळी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळेल का, हे पक्के करून मगच आगाऊ पैसे द्यावेत. आभाळ भरून आले तर पंचांगातली वेळ ग्राह्य धरतात. स्वयंपाकी मात्र दोन्ही न पाहता शेवटच्या एसटीची वेळ पाहतो.