श्री. तात्या विंचू यांस खुले पत्र

तात्या,



तुमचे खून-दरोडे तोंडपाठ आहेत, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. ते इन्स्पेक्टर महेश जाधव बघून घेतील. ती भूमिका करणारे महेश कोठारेच चित्रपटाचे दिग्दर्शक, त्यामुळे निकाल त्यांच्या बाजूने लागणार हे ठरलेलंच. आमची तक्रार वेगळी आहे. १९९३ पासून तुम्ही अख्खा 'झपाटलेला' चित्रपट स्वतःच्या नावावर खपवताय.

बेत तरी तुमचा होता का? मरता मरता मंत्र पुटपुटून बाहुल्यात शिरायचं आणि ज्याला पहिल्यांदा ओळख सांगितली त्याच्याच देहात परतायचं, हे सगळं १९८८ साली अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले'मधल्या चकीने करून झालं होतं. तुम्ही त्याला मराठी शिकवलंत, एवढंच. बरं, मुंबईचा नामचीन गुंड लपला कुठे, तर बाहुल्यात! कथेचा पापड उजेडात धरला तर पलीकडची भिंत दिसते.

तरी माणसं खुर्चीला खिळली, ती कुणामुळे? लक्ष्या बोळकेमुळे. तो साकारणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डेंसमोर तुम्ही नुसते बसलेले असता. मान जरा वळते, जबडा हलतो, बस्स. बाकी सगळं त्या माणसाच्या तोंडावर घडतं. डोळे विस्फारतात, आवाज चिरकतो, ओरडायला तोंड उघडतं आणि शब्दच फुटत नाही. त्यात लक्ष्या पडला शब्दभ्रमकार. बाहुला बोलला असं तो सांगणार आणि ऐकणारे म्हणणार, अरे, तूच बोललास! अख्ख्या गोष्टीत अस्सल म्हणावी अशी खोच ही एकच, आणि तीही बेर्डेंनी तुमच्या हातून काढून घेतली.

मधू कांबीकरांनी लक्ष्याची आई अशी उभी केली की तिचा जीव खरोखर टांगणीला लागलेला वाटतो. विनोदी चित्रपटात एवढं खरं वागायला त्यांना कुणी सांगितलं होतं? विजय चव्हाणांचा हवालदार आहे, बिपीन वर्टींचा कुबड्या खवीस आहे. राघवेंद्र कडकोळांचा बाबा चमत्कार तर असा थाटात मंत्र देतो की क्षणभर आपणही पाठ करायला घ्यावा.

तुमचं शरीर रामदास पाध्यांनी घडवलेलं. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, माणूस होतात तोवरचा देहही त्यांचाच. रामदासांच्या वडिलांचा, यशवंत पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव सांभाळणाऱ्या घरातून तुम्ही बाहेर पडलात, हेही विसरलात. आणि प्रभावळकर? २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई'त ते गांधीजी झाले आणि राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आले. तुम्हाला काय मिळालं? २०१३ साली दुसरा भाग, तोही थ्रीडीत. पडद्यातून बाहेर येऊन तुम्ही अंगावर धावलात, पण समोर घाबरायला बेर्डे नव्हते. ते २००४ सालीच गेले. तेव्हा आम्हाला कळलं की भीती तुमची नव्हतीच.

चित्रपटातल्या श्रीरंगपुरात तुमचं जमलं, आमच्या अकोले गावात जमलं नसतं. घोटी-राजूर मार्गे आला असतात, तर प्रवरेकाठच्या उसातून वाट काढावी लागली असती. तिथे बिबटे मुक्कामाला असतात. संशोधक विद्या अत्रेयांनी याच भागात त्यांचा अभ्यास केला तेव्हा आढळलं की त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. माणसांच्या एवढ्या जवळ राहूनही ते सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. तुम्हाला तर त्यांनी हुंगूनही पाहिलं नसतं. महाशिवरात्रीला अगस्ती ऋषींच्या यात्रेत पोचला असतात, तर एखाद्या पोराने आईकडे हट्ट धरला असता आणि आईने तुम्हाला भाव पाडून मागितलं असतं.

तरी पुढचा डाव टाकण्याआधी एवढं करा. श्रेयनामावली नीट वाचा. तुमच्या आधी किती नावं येतात ते मोजा आणि ज्यांचं देणं आहे त्यांना ते देऊन टाका.

कळावे. लोभ नसावा.

आपला,
अकोले गावचा एक प्रेक्षक